लुआसाठी प्लॉटलीचं बाइंडिंग: आधी जेसन सांभाळ

लुआ या प्रोग्रामिंग भाषेतून प्लॉटली.जेएस (ब्राउझरमध्ये चार्ट काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरता यावी म्हणून बाइंडिंग, म्हणजे दोघांना जोडणारा कोड, लिहायला घेतलंस, छान. पण प्रत्येक चार्टसाठी हाताने वेगळं फंक्शन लिहीत बसू नकोस. प्लॉटली.जेएसला मुळात डेटा आणि लेआउट (चार्टची मांडणी), एवढंच लागतं. ते जेसन या मजकुरी डेटा-स्वरूपात दिलं की बाकीचं ब्राउझर बघतो. चार्टचे सगळे गुणधर्म प्लॉटलीच्या स्कीमा फाइलमध्ये (गुणधर्मांच्या अधिकृत यादीत) आहेत, प्लॉटलीच्या पायथन आवृत्तीचे क्लास त्यातूनच आपोआप तयार होतात. तूही तसंच कर, पण नंतर.

खरी डोकेदुखी टेबलची: लुआत अ‍ॅरे (क्रमवार यादी) आणि ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्या) दोन्हींसाठी ही एकच रचना असते. रिकामं {} म्हणजे अ‍ॅरे की ऑब्जेक्ट, हे लुआला ठाऊकच नसतं; लुआ-सीजेसन ही जेसन बनवणारी लायब्ररी त्याला ऑब्जेक्ट धरते. त्यामुळे कुठे अ‍ॅरे हवा ते तुलाच सांगावं लागेल. यादीत मधेच निल (लुआतलं 'काहीच नाही') आलं तर लांबीचा भरवसा उरत नाही, तिथे सीजेसन.नल (जेसनमधली रिकामी किंमत) ठेव. नॅन ('संख्या नाही' अशी खूण) तर जेसनमध्ये बसतच नाही, त्यालाही नलच. मग रेषा त्या जागी तुटते, आणि तुटायलाच हवी! माहिती नसलेल्या जागी शून्य दाखवणारा चार्ट सरळ खोटं बोलतो.

तारखा आयएसओ स्वरूपात (वर्ष-महिना-दिवस) पाठव. एचटीएमएलमध्ये डेटा भरताना मजकुरात स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग आला तर एस्केप कर, म्हणजे ब्राउझर त्याला खरा टॅग समजणार नाही असा लिही (हे हमखास राहून जातं). आणि सीडीएनवरच्या (प्लॉटली.जेएस जिथून थेट घेता येतं त्या सर्व्हरवरच्या) 'लेटेस्ट' नावाच्या फाइलला भुलू नकोस, ती फाइल 1.58 वरच थांबलीय. नेमका आवृत्ती क्रमांक लिही.