प्रो बोल आणि ऑल-प्रो: आधी कशाकडे बघायचं?

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) नव्यानं बघायला लागला असाल, तर खेळाडूच्या नावापुढचं 'प्रो बोलर', म्हणजे प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार कार्यक्रमासाठी निवडलेला, हे वाचून लगेच भारावून जाऊ नका. प्रो बोलच्या निवडीत चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या मतांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन असतं. म्हणजे लोकप्रियता आलीच. त्यात दुखापतीमुळे किंवा संघ सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) पोचल्यामुळे निवडलेले खेळाडू गळतात आणि राखीव नावं वर सरकतात. २०२२च्या हंगामात क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) टायलर हंटली असाच आत आला. अख्ख्या नियमित हंगामात त्याचे टचडाउन पास (ज्यांवर थेट गुण मिळतात असे पास) होते २! शिवाय आता तिथे खरा सामनाही होत नाही, फ्लॅग फुटबॉल खेळतात, ज्यात खेळाडूला पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात.

खरं वजन असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ऑल-प्रो संघाला, म्हणजे प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीला. ५० पत्रकार मतं देतात, तीही प्लेऑफच्या (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीच्या) आधी. त्यामुळे प्लेऑफमधला पराक्रम त्यात शोधू नका. ऑल-प्रोच्या पहिल्या संघातलं (फर्स्ट टीम) नाव म्हणजे त्या जागेवर लीगमधला सर्वोत्तम. ऑफेन्सिव्ह लाइनमनसारख्या (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या), ज्यांचे आकडे फारसे दिसतच नाहीत, अशांची पारख करायला मी आधी हीच यादी उघडतो. एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वात मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार, मात्र जवळजवळ क्वार्टरबॅकचीच मक्तेदारी. २०१२च्या एड्रियन पीटरसननंतर तो क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

आणि हो, २०२४च्या हंगामात याच पत्रकार मंडळींनी एमव्हीपी जॉश ॲलनला दिला, पण ऑल-प्रोच्या पहिल्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून लमार जॅक्सनला निवडलं. त्यावर वाद घालायला हरकत नाही, मी अजूनही घालतो.