उत्साह कुठून गळतोय ते आधी बघा

बोरिवलीच्या घरात तीन वर्षं कापडावर लाकडी ठशांची छपाई, कापडी पिशव्या आणि टेबलावरचे रुमाल, त्याआधी बँकेतली नोकरी, आणि यंदा जूनपासून ठसे कपाटात. ‘सकाळी टेबलापाशी जाते आणि तशीच परत फिरते. इतकी वर्षं टिकलेले लोक मन कसं तयार ठेवतात? की सरळ नोकरी बघू?’ असं तुम्ही विचारलंय. प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी लालबागला चौदा वर्षं हातबांधणीच्या वह्या आणि रोजनिश्या करते. तुमच्यासारखी मीही एकदा तीन महिने दाभणाला हात लावला नव्हता.

ते माझं पाचवं वर्ष. दिवाळीच्या भेटींसाठी एका कंपनीने तीनशे रोजनिश्या सांगितल्या. तोवरची माझी सगळ्यात मोठी ऑर्डर. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद आणला, मदतीला शेजारच्या दोघी घेतल्या, धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी माल पोचवला. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, पैसे नाहीत. ‘अकाउंट्सला पाठवलंय’ एवढंच उत्तर. कागदवाल्याची उधारी माझ्या डोक्यावर, शेजारणींची मजुरी मी घरखर्चातून दिलेली. फेब्रुवारीत मला वाटायला लागलं की आपल्याला आता काही सुचतच नाही. नवीन कव्हर जमेना, रंग जुळेनात. घरच्यांना सांगितलं, माझ्यातली कला आटली. एप्रिलच्या मध्यावर पैसे जमा झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पुठ्ठा कापत बसले होते, कुणी न सांगता.

त्या दिवशी मला कळलं ते असं: कामाचा कंटाळा आणि थकलेल्या पैशांचा कंटाळा आतून अगदी सारखा वाटतो. आपण कलाकार म्हणवतो, त्यामुळे दोष आधी स्वतःच्या मनाला देतो. पावसात भिंतीला ओल आली की आपण आधी गच्ची बघतो, पाइप बघतो, वरच्या मजल्याची मोरी बघतो. रंगारी बोलावण्याची वेळ त्यानंतर येते. उत्साहाचंही तसंच बघा.

म्हणून पहिली गोष्ट, तुमची उधारीची वही काढा. कोणाकडे किती आणि किती दिवसांपासून. दुकानांना विक्रीवर ठेवायला दिलेला मालही त्यात धरा, तो फार गुपचूप अडकतो. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली नसेल तर याच आठवड्यात करा. 1 जुलै 2020 पासून ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतो, शुल्क काहीही नाही. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइटवर जाऊ नका. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने 2006 च्या कायद्याप्रमाणे 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार असेल तर मुदत वाढते, पण 45 दिवसांच्या पुढे नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय 2024-25 या आकारणी वर्षापासून, मुदत उलटूनही वर्षअखेरीपर्यंत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून कंपनीला आयकरात दाखवता येत नाही. हा मुद्दा त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना बरोबर समजतो. माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी आता उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ असते, आणि मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय मी कागद कापत नाही. एक-दोन ऑर्डरी यामुळे गेल्या. जाऊ दिल्या.

दुसरी जागा दराची. सुरुवातीला माझी वही 350 रुपयांना होती. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा मिळून 140. प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं आणि टॅक्सी वहीमागे 90 च्या आसपास. जुज म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे शिवणं, खळ लावणं, शिकंज्यात दाबून ठेवणं, कव्हर चढवणं यात हातांचा सव्वा तास. म्हणजे 120 रुपयांत सव्वा तास. ओळखीतल्या एका बाईंनी दहा वह्या ‘घरच्या’ दराने 200 ला मागितल्या आणि मी दिल्या. वहीमागे 60 रुपये उरले. त्या दहा वह्या शिवताना मला जो जडपणा आला तो आजही आठवतो. बोटांना कळत होतं, मला उशिरा कळलं. ‘घरच्या घरी तर करतेस’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्या घरच्या घरी आपली खोली, वीज, पाठ आणि डोळे असतात, आणि ते सगळं दरात यायला हवं. मी दर 480 केला. दोन महिने विक्री खाली आली, मग जे राहिले ते आजतागायत माझे ग्राहक आहेत. तुमच्या एका पिशवीचा असा हिशेब कागदावर मांडा. ठसे गुजरातेतल्या पेथापूरहून मागवलेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांची झीजही त्यात धरा.

आता ऋतूंबद्दल. जूनपासून काम थांबलं, यात मला फार नवल वाटत नाही. मुंबईच्या पावसात माझी खळ वाळत नाही, पुठ्ठा बाक धरतो, मोरचूद घातलं नाही तर खळीला बुरशी येते. तुमचे रंगही वाळत नसणार, कापडाला कुबट वास येत असणार. त्यातून हिंदमाता किंवा कुर्ल्याला पाणी भरलं की माल पोचवायचा बेतच बारगळतो. अशा दिवसांत सकाळी टेबलापाशी जाऊन परत फिरणं म्हणजे आळस असं मी मानत नाही. पुढे गणपतीत लोकांचा खर्च दुसरीकडे, मग पितृपक्षात आपल्याकडे बरीच घरं नवीन वस्तू घेतच नाहीत. घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मात्र श्वास घ्यायला वेळ नाही. जुलैचा आकडा ऑक्टोबरच्या आकड्याशी लावून रडू नका, मागच्या जुलैशी लावा. मी पावसात फक्त शिवण करते, चिकटवण्याचं काम ठेवत नाही, आणि पितृपक्षाचा पंधरवडा नव्या नमुन्यांसाठी राखून ठेवते. त्या पंधरा दिवसांत विक्रीची अपेक्षाच नसते, त्यामुळे हात मोकळे चालतात. माझ्या चांगल्यातल्या चांगल्या तीन वह्या त्याच दिवसांत जन्मल्या.

इन्स्टाग्रामवर इतरांची कामं बघून खचायला होतं, असंही तुम्ही म्हटलंय. यावर मी एवढंच करते की सकाळी आठ जुज शिवून झाल्याशिवाय फोन हातात घेत नाही. साधारण वीस मिनिटं. आठाचे बरेचदा सोळा होतात, कधी होत नाहीत, तरी आठ झालेले असतात. तुम्ही एका रुमालाची एक किनार छापा. विकायची नको, जुन्या पंच्यावर छापली तरी चालेल.

एकटेपणावर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण तुमच्या संपूर्ण लिहिण्यात दुसऱ्या कुणाचा उल्लेखच नाही. मी ज्या भागात वाढले तिथे गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपापल्या चुलीपाशी, सावकाराच्या कर्जात. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेची कर्जं मिळू लागली. पोळ्या त्याच होत्या, हात तेच होते. आपला डबा किती रुपयांचा आणि शेजारणीचा किती, हे उघड बोलायला जागा झाली याचं मला फार मोल वाटतं. आम्ही तिघी, एक कुंभारकाम करणारी, एक दागिने घडवणारी आणि मी, महिन्यातून एका बुधवारी दादरला भेटतो. नियम एकच: खरे आकडे सांगायचे. किती विकलं, किती अडकलं, कुठल्या दुकानाने माल परत पाठवला. ज्या महिन्यात माझी विक्री अकरा वह्यांवर आली होती, तो आकडा मोठ्याने सांगितला आणि घरी जाताना लोकलमध्ये मी दोन नमुने काढले. तुमच्या बाजूला बोरिवली-कांदिवलीत अशा दोघी नक्की सापडतील. प्रदर्शनात दुपारी दोन ते चार हॉल रिकामा असतो, तेव्हा शेजारच्या टेबलावर जाऊन बसा.

नोकरीचं म्हणाल तर त्यात मला पराभव दिसत नाही. मी सातव्या-आठव्या वर्षी एका छापखान्यात अर्धवेळ काम केलं, भाडं त्यातून निघालं आणि वह्यांवरचं ओझं उतरलं. पण तुमचा निर्णय या ओल्या महिन्यांत घेऊ नका. आणि घेण्याआधी स्वतःला एक विचारा: सगळी उधारी आज जमा झाली, दर हवा तो मिळाला, तरी ठसा हातात घ्यावासा वाटेल का? उत्तर ‘नाही’ आलं तर तेही खरं माना. मग छपाई सोडून दुसरं काही खुणावतंय का ते बघू. माझ्या ओळखीतली एक जण मेणबत्त्या सोडून बागकामाकडे वळली आणि आज आनंदात आहे.

तुमच्या प्रश्नात ‘माझे रंग बेचव झालेत’ असं एक वाक्य आहे. ज्याला रंग बेचव झाल्याचं जाणवतं, त्याची जीभ शाबूत आहे असं मी समजते. या रविवारी उधारीची बेरीज करा आणि किती निघाली ते मला कळवा. दुकानांत ठेवलेला माल वेगळा लिहा. वसुलीचं पत्र कसं लिहायचं त्याचा माझा नमुना आहे, तो पाठवते.