गुरुवार ते सोमवार

प्रश्न : माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. दीड वर्षापासून सोमवार आणि गुरुवार असं डायलिसिस चालू आहे, दर वेळी चार तास. कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं) ५५ किलो. शुक्रवारी बरे असतात, ओट्यावर जाऊन बसतात. रविवारी रात्री मात्र आडवं झालं की दम लागतो, उशांना टेकून बसूनच रात्र काढतात. सोमवारी वजन साडेचार किलो वाढलेलं भरतं. शेवटच्या तासाला पायात गोळे येतात, मग ते ‘काढा आता’ म्हणतात. डॉक्टर आठवड्यातून तीनदा करा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, मशीनची सवय लागेल. पुढच्या महिन्यात जत्रा नेमकी गुरुवारी आहे. तो गुरुवार सोडून सोमवारी तासभर जास्त केलं तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, कराड तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. गुरुवार अजिबात सोडू नका. सोमवार ते सोमवार म्हणजे पूर्ण सात दिवस, आणि ते भरून काढायला जादा एक तास पुरत नाही. आजच युनिटच्या सिस्टरना भेटा आणि त्या आठवड्यात शुक्रवारची पाळी मागून घ्या. आठ-दहा दिवस आधी सांगितलं तर खुर्चीची अदलाबदल बहुतेक वेळा जमते. मी बावीस वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काढली. लग्न, बारसं, वारी, सगळ्यांसाठी आम्ही पाळ्या बदलून दिल्या आहेत.

आता रविवारच्या रात्रीबद्दल. सोमवार ते गुरुवार तीन दिवस होतात, गुरुवार ते सोमवार चार. त्या चौथ्या दिवसाचं पाणी छातीत साठतं, म्हणून त्यांना आडवं होता येत नाही. हा फक्त त्यांचा त्रास नव्हे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या अमेरिकेतल्या ३२ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यूचं प्रमाण वर्षाला दर शंभर रुग्णांमागे २२.१ होतं, इतर दिवशी १८. त्यांचा मोठा खंड तरी तीनच दिवसांचा होता, तुमचा चार दिवसांचा आहे.

पाण्याबरोबर पोटॅशियमही चढतं, म्हणजे फळं-भाज्यांतून येणारा क्षार, आणि ते दिसत नाही. ते फार वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. आमच्याकडे एक काका होते, शिंपीकाम करायचे. मे महिन्यात शनिवार-रविवार आमरस झाला. सोमवारी सकाळी युनिटच्या तीन पायऱ्या त्यांना चढवेनात, ‘पायात जीवच नाही’ म्हणाले. नाडी हाताला लागली ती मिनिटाला ३८. कॅल्शियमचं इंजेक्शन देऊन तसंच मशीनला लावलं. दोन तासांनी त्यांनी चहा मागितला तेव्हा कुठे माझे हात थरथरायचे थांबले. म्हणून शनिवार-रविवारी आंबा, केळं, शहाळं घरात आणूच नका. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या. बाजारात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मीठ मिळतं, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. त्याला हातही लावू नका.

गोळे का येतात तेही समजून घ्या. दर तासाला दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरच्या आत पाणी काढावं, असं आम्ही धरतो. ५५ किलोला चार तासांत ते पावणेतीन-तीन लिटरच्या आसपास येतं. तुम्ही साडेचार लिटर घेऊन येता. मशीन ते ओढून काढतं, पण रक्ताबाहेरचं पाणी तेवढ्या वेगानं रक्तात परत येत नाही. मग बीपी पडतं, पोटऱ्या आवळतात, हृदयालाही मार बसतो. त्यातून तीन तासांत सुया काढल्या की लिटरभर पाणी अंगातच राहतं आणि पुढचा खंड तिथूनच सुरू होतो. गोळा आला की लगेच सिस्टरना हाक मारा, त्या वेग कमी करतील. वेळ मात्र कापू नका.

आता तिसऱ्या वेळेचं. पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही : त्यांना लघवी किती होते? सुरुवातीला बऱ्याच जणांची लघवी टिकून असते, तेव्हा दोनदा केलेलं भागतं. दीड वर्षात ती कपभरावर येते, आणि वेळापत्रक मात्र तेच राहतं. मला वाटतं, तुमच्याकडे हेच झालं असावं. ‘सवय लागते’ हे बोलणं मी असंख्य वेळा ऐकलंय, आणि त्यापायी चांगली माणसं खंगताना पाहिली आहेत. किडनी दिवसरात्र, सातही दिवस काम करते. आपण आठवड्याचे आठ तास देतो, डॉक्टर बारा मागताहेत. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना तिसऱ्या वेळेबद्दल स्पष्ट विचारा.

तोवर पाणी मोजून द्या. साधारण अर्धा लिटर, अधिक आदल्या दिवशी झाली तेवढी लघवी. चहा, ताक, आमटी सगळं त्यात धरायचं. पण आधी मीठ कमी करा. पापड-लोणचं ताटात असेल तर तहान आवरणार नाही, मग तुम्ही तांब्या लपवणार आणि ते तुमच्यावर चिडणार.

या शनिवारी सकाळपासून रविवार सकाळपर्यंतची सगळी लघवी एका बाटलीत जमवून मोजा. रोज सकाळचं वजन आणि रात्री किती उशा लागल्या, हेही वहीत लिहा. सोमवारी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. आणि येत्या रविवारी बसूनही दम थांबला नाही, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्या.