मानेच्या डिस्टोनियावर दोनदा बोटॉक्स देऊनही आईला गुण आला नाही. आता डीबीएस (मेंदूत इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युत स्पंदनं देण्याचा उपचार) हाच मार्ग उरतो का?

नाही, अजून नाही. तुम्ही लिहिलंय की आईंची मान उजवीकडे वळते, सहा महिन्यांत दोनदा इंजेक्शनं झाली आणि आता मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याचा सल्ला मिळालाय. डीबीएस चांगला उपचार आहे, पण त्याआधी इंजेक्शन खरोखर फसलं की चुकीच्या जागी गेलं, हे शोधायलाच हवं. माझ्या मते बहुतेक वेळा अडचण औषधात नसते, ते कोणत्या स्नायूत आणि किती गेलं यात असते.

डिस्टोनियात मेंदू एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या स्नायूंना एकाच वेळी आकसायला लावतो. बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्समधलं औषध, मेंदूपर्यंत जात नाही. ते स्नायूजवळच्या मज्जातंतूच्या टोकातलं एक प्रथिन कापतं, त्यामुळे आकसण्याचा निरोप पोचत नाही. म्हणूनच स्नायूची निवड हाच सगळा खेळ आहे. मान उजवीकडे वळत असेल तर मुख्य दोषी सहसा डावीकडचा स्टर्नोक्लायडोमास्टॉइड (कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा दोरखंडासारखा स्नायू) आणि उजवीकडचा, मानेमागचा स्प्लेनियस. फक्त उजवीकडे दुखतं म्हणून तिथेच टोचलं, तर अर्धंच काम होतं. शिवाय काहींत पूर्ण मान न वळता फक्त कवटी पहिल्या मणक्यासकट फिरते. तेव्हा खोलवरचा ऑब्लिकस कॅपिटिस इन्फिरियर हा छोटा स्नायू गाठावा लागतो, आणि तो नुसत्या बोटाने चाचपून सापडत नाही. सोनोग्राफी किंवा ईएमजीच्या (स्नायूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या तपासणीच्या) मदतीने सुई गेली होती का, हे नक्की विचारा.

मग मात्रा. मानेसाठी बोटॉक्सची एकूण मात्रा साधारण १०० ते ३०० युनिट असते. डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या औषधाच्या दुसऱ्या ब्रँडची सुरुवातच ५०० युनिटांनी होते. दोन्हींची युनिटं वेगळी आहेत, त्यामुळे ब्रँड बदलला असेल तर आकड्यांची थेट तुलना करू नका. पहिल्या खेपेला मात्रा मुद्दाम कमी ठेवतात, कारण पुढच्या बाजूच्या स्नायूंत, विशेषतः दोन्हीकडे, जास्त औषध गेलं की गिळायला त्रास होतो. (घास अडकू लागला किंवा श्वास लागला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.) म्हणून पहिल्या खेपेचा फरक थोडाच असणं हे अपयश नव्हे.

परिणाम तपासण्याची वेळही चुकते. सुरुवात आठवड्याभरात होते, जोर २ ते ६ आठवड्यांच्या दरम्यान असतो आणि साधारण १२ आठवड्यांनी तो ओसरतो. चौथ्या आठवड्यात मान पाहिलीच नाही आणि थेट तिसऱ्या महिन्यात गेलात, तर «काहीच फरक नाही» असंच वाटणार. पण १२ आठवड्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नका. वारंवार दिलेल्या जादा मात्रेने शरीर प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध लागूच होत नाही. तशी शंका असेल तर साधी चाचणी आहे: कपाळाच्या एकाच बाजूला थोडं औषध देऊन दोन-तीन आठवड्यांनी भुवया वर करायला सांगतात. दोन्हीकडे सारख्याच आठ्या पडल्या, तर औषध निष्प्रभ ठरतंय. तेव्हा बी प्रकारचं टॉक्सिन हा पर्याय उरतो (बोटॉक्स आणि डिस्पोर्ट ए प्रकारचे आहेत).

आईंच्या औषधांची यादीही काढा. मेटोक्लोप्रामाइडसारखी उलटीची गोळी किंवा हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकाराची औषधं दीर्घकाळ घेतल्याने डिस्टोनिया होऊ शकतो. मात्र ती परस्पर बंद करू नका. ट्रायहेक्सीफेनिडिल ही डिस्टोनियावरची गोळी लहान मुलांना बरीच सोसते, पण वय वाढलेल्यांत विसरभोळेपणा, बद्धकोष्ठता आणि लघवी अडणं यांमुळे मी त्यावर फार भिस्त ठेवणार नाही. (हा आजार लहानपणी किंवा तरुणपणी सुरू झाला असेल तर हिशेबच वेगळा: तिथे लेवोडोपा (पार्किन्सनमध्येही वापरतात ते औषध) देऊन पाहणं आणि विल्सन आजाराची (शरीरात तांबं साठण्याच्या आजाराची) तपासणी करणं चुकवू नये, कारण दोन्हींवर नेमका उपचार आहे.)

योग्य स्नायू, पुरेशी मात्रा आणि योग्य अंतर साधूनही मान आवरत नसेल, तर डीबीएसचा विचार जरूर करा. इलेक्ट्रोड बहुधा ग्लोबस पॅलिडस या हालचाली आवरणाऱ्या, मेंदूतल्या खोल केंद्राच्या आतल्या भागात बसवतात. पार्किन्सनच्या कंपासारखा लगेच फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका: झटके आधी कमी होतात, वाकलेली ठेवण सुटायला महिने लागतात. स्नायू आखडून कायमचे आखूड झाले असतील तर तेवढा भाग सुटत नाही. इलेक्ट्रोडला वीज पुरवणाऱ्या यंत्राची बॅटरी संपली की त्रास झपाट्याने, कधी पूर्वीपेक्षा जोराने परततो, त्यामुळे तिची तपासणी चुकवून चालत नाही.

पुढच्या भेटीला व्हिडिओ घेऊन जा. आईंना पाठ न टेकता बसवा, डोळे मिटायला सांगा आणि मान जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायला सांगा. एक मिनिट समोरून, एक बाजूने. मग हनुवटीला बोट लावल्यावर मान सरळ होते का, तेही टिपा. सोबत दोन्ही वेळच्या इंजेक्शनांची नोंद मागून घ्या: ब्रँड, प्रत्येक स्नायूचं नाव, बाजू आणि युनिट.