गोठलेल्या तळ्यावर पर्च-ट्राउट मासे पकडायला निघालेल्या इंदूरच्या मुलासाठी (जरा लांबलंय)

तू लिहिलंयस की इंदूरहून फिनलंडमधल्या ताम्पेरेला शिकायला गेलायस, आणि होस्टेलचे चार मित्र मिळून मार्चमध्ये तळ्याच्या बर्फाला भोक पाडून पर्च आणि ट्राउट पकडायला जाणार आहात, तर कपडे काय घालू आणि गळ कुठला घेऊ. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. तुझी पोस्ट वाचून मला रात्री झोप आली नाही कारण मी पण ताम्पेरेला नोकरीत असताना लोकांना नेमकं हेच दोन प्रश्न विचारले होते, आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही.

कपड्यांचं सगळे सांगतील, अंगाला लागून सुती काही नको, लोकर घाल, संपला विषय. गळ आणि आमिष तिथला दुकानदार तुझ्याहून चांगलं निवडून देईल.

मला सांगायचंय ते हे की पर्चच्या जागेवरचा बर्फ आणि ट्राउटच्या जागेवरचा बर्फ एक नसतो, तळं एकच असलं तरी. पाणी 4 अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाशी ते 4 अंशाचं पाणी राहतं आणि वर बर्फ. पर्च थव्यानं असतो, शांत पाण्यात, तळाजवळ, तिथे बर्फ निवांत जाड होत जातो. ट्राउटला मात्र ओढ्याचं तोंड आवडतं, ताजं पाणी येतं, खाणं वाहत येतं. आणि वाहतं पाणी बर्फाला खालून खात राहतं. वरून काहीही दिसत नाही, दोन्हीकडे सारखंच पांढरं, कारण वर हिम पडलेलं. आपण यशवंत सागरच्या काठावर वाढलेली माणसं, आपल्याला पाण्याचा अंदाज थोडाफार येतो, बर्फाचा शून्य.

आम्ही तिघं होतो. तळ्यात सोडलेला रेनबो ट्राउट होता, त्याचा परवाना रीतसर काढलेला. काठापासून थोडं आत मी गिरमिटानं भोक पाडलं, पट्टी घालून मोजलं, 42 सेंटीमीटर. फिनलंडमध्ये चालायला 10 सेंटीमीटर घट्ट बर्फ पुरतो असं सांगतात, तर 42 म्हणजे किती झालं बघ. मी मोठ्यानं सांगितलं, इथे ट्रक पण उभा राहील. दोन तास पर्च पकडले, छान मिळाले, मग मित्र म्हणाला आता ट्राउट बघू आणि पलीकडच्या टोकाला चालत गेला. त्यानं वळून विचारलं, इथे ठीक आहे ना? मी हात हलवून म्हटलं जा. मी पुन्हा मोजलं नव्हतं. तिथे वाळलेले बोरू बर्फातून वर आलेले दिसत होते, हिमाचा रंग थोडा करडा होता, हे सगळं मला आज डोळ्यासमोर दिसतं, तेव्हा दिसूनही कळलं नाही. आवाज सुद्धा मोठा झाला नाही, ओली फांदी मोडावी तसा, आणि तो छातीपर्यंत आत.

त्याला वाचवलं एका म्हाताऱ्या फिनिश आजोबांनी, ते लांब एकटेच बसले होते. येताना मी त्यांना पाहिलं होतं, हातात लोखंडी पहार, दर दोन पावलांना पुढे ठोकायचे मग पाय टाकायचे, मला वाटलं म्हातारपणामुळे काठी धरलीय. ते पोटावर सरपटत गेले, दोर फेकला. मी धावत निघाले होते तर माझ्यावर असे ओरडले की मी जागच्या जागी बसले, आणि बरं झालं, नाहीतर दोघं आत असतो. मित्र दोन दिवस दवाखान्यात होता, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून बधिर आहेत. तो मला कधी काही बोलला नाही पण "जा" मी म्हटलं होतं.

तर आता ऐक. गळ्यात नास्कालीत अडकव, म्हणजे दोरीला बांधलेले दोन टोकदार दाभण, थोड्या युरोत मिळतात, बॅगेत नाही, गळ्यात. चौघांत एक पहार आणि एक दोर असलाच पाहिजे, आणि ओढा, पूल, बोरू, खडकाचं टोक दिसलं की पहिल्या भोकाचा आकडा विसरायचा, पुन्हा मोजायचं. हिम गोठून झालेला पांढुरका बर्फ काचेसारख्या बर्फाच्या साधारण निम्म्या ताकदीचा धर. त्यात मार्च, ऊन चढलं की सकाळचा टणक बर्फ दुपारी भरवशाचा राहत नाही, जाडी तेवढीच दिसली तरी. माझं स्पष्ट मत, पहिल्या खेपेला फक्त पर्च करा, ट्राउट सोडा. कोणी डरपोक म्हटलं तर म्हणू दे भिया.

कोणी पडलंच तर कॅनडाचे प्रा. गॉर्डन गीसब्रेख्त यांचं 1-10-1 लक्षात ठेव: पहिलं 1 मिनिट फक्त श्वास आवरायचा, पुढची साधारण 10 मिनिटं हातपाय ऐकतात, आणि गारठून शुद्ध जायला साधारण 1 तास. म्हणजे घाबरून ते पहिलं मिनिट घालवू नका. ज्या बाजूनं आलास त्याच बाजूला वळ, तो बर्फ तुला पेलत होता, दाभण रोव, पाय मार, बाहेर आलास की उभा राहू नकोस, लोळत लांब जा. फोनमध्ये 112 सुओमी ॲप (तिथल्या आणीबाणीच्या 112 नंबरचं) आत्ताच टाक, त्यातून फोन केला की मदतीच्या लोकांना तुझी जागा कळते. फोन आतल्या खिशात ठेव, थंडीत बॅटरी बसते. (मी डॉक्टर नाही की बचाव पथकातली नाही, तिथल्या कोणा जाणत्याला विचारून घे.)

आता विम्याचं, कारण यानं माझं डोकं अजून तापतं. मित्राची पॉलिसी आपल्या इंदूरच्याच एका ऑफिसातून घेतलेली, नाव लिहीत नाही. घेताना फोनवर "सगळं कव्हर आहे मॅडम", आणि क्लेमला उत्तर आलं की हा साहसी खेळ आहे. पाच महिने मेल, मग एकानं सांगितलं फोनवरच्या बोलण्याची नोंद नाही. बसून पर्च पकडणं साहसी खेळ! तू ईमेलवर सरळ विचार, गोठलेल्या तळ्यावर चालून मासे पकडणं कव्हर आहे का, आणि उत्तर लेखी घे, मगच जा.

परवान्याचं थोडक्यात: बर्फातून साध्या दांडीनं पर्च पकडणं तिथे सर्वांना फुकट आहे, ट्राउट सोडलेल्या तळ्यांना आणि वाहत्या भागांना मात्र वेगळे नियम, तळ्याच्या पाटीवर बघ. आणि तपकिरी ट्राउट लागला तर शेपटीआधी पाठीवर छोटा मांसल पर आहे का ते पाहा. तो असेल तर मासा जंगली धरतात, आणि 64 अंश अक्षांशाच्या दक्षिणेला तळ्यानद्यांत तो पूर्ण संरक्षित आहे, लगेच पाण्यात सोडायचा. ताम्पेरे दक्षिणेलाच येतं.

खायला गूळपोळी ने, ती थंडीत दगड होत नाही, सँडविचचा मात्र दगड होतो. पर्चच्या पाठीचे काटे हातात घुसतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत धर म्हणजे काटे दबतात. खवले काढत बसू नकोस, कातडीसकट सोलून मांस काढ, हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तळ.

कुठल्या तळ्यावर जाताय ते इथे टाक. नकाशात ओढा कुठून येतो ते मी आज रात्रीच बघून सांगते.