वाढतात भरपूर, आकुंचन मात्र पावत नाहीत

प्रश्न : मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीतल्या मानवी स्मूथ मसल पेशी (धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी) आम्ही विकत आणून वाढवतो. आता नवव्या पॅसेजला (म्हणजे एका फ्लास्कमधून काढून नव्या फ्लास्कमध्ये पसरवण्याच्या नवव्या खेपेला) त्या भराभर वाढतात, पण आकुंचनाचा प्रयोग फसतो आणि स्मूथ मसल मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाचं स्टेनिंग जवळजवळ दिसतच नाही. गाइडना वाटतं, दुसऱ्याच पेशी मिसळल्या असाव्यात. असं होतं का?

उत्तर : होतं. मायकोप्लाझ्माची (पेशींच्या फ्लास्कमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी आणि पेशींची डीएनए ओळख करून घ्याच. (त्याच दात्याच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतकातल्या, पेशी शिरल्या असतील तर डीएनए काही बोलणार नाही, हेही ध्यानात ठेवा.) पण तुमच्या पत्रात ‘नववा पॅसेज’ वाचला आणि मला उत्तर मिळाल्यासारखं झालं. पेशी बहुधा त्याच आहेत, त्यांनी काम बदललंय.

धमनीच्या भिंतीत ही पेशी ताण धरून असते, क्वचितच विभागते. भिंतीला इजा झाली की ती आकुंचनाची प्रथिनं कमी करते, विभागू लागते, सरकते, कोलॅजन बनवून डागडुजी करते. आता फ्लास्कमध्ये आपण तिला देतो काय? सिरम. सिरम म्हणजे रक्त गोठल्यावर उरलेलं पाणी, आणि गोठताना प्लेटलेट्सनी आपला सगळा ऐवज त्यात ओतलेला असतो. प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या रक्ताच्या सिरमवर धमनीच्या स्मूथ मसल पेशी फारशा वाढत नाहीत, त्यात प्लेटलेट्समधला घटक घातला की वाढतात, हे रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्या घटकाला पुढे पीडीजीएफ (प्लेटलेट्समधून येणारा वाढ-घटक) नाव मिळालं. थोडक्यात, १० टक्के सिरममध्ये बसलेल्या पेशीला रात्रंदिवस वाटत असतं की शेजारी जखम झालीय. त्यात खाली कडक प्लास्टिक आणि रक्ताच्या ठोक्याचा ताण नाही. ती आकुंचन पावणार कशासाठी?

या भानगडीत माझे तीन महिने गेले आहेत. फ्लास्कवर पॅसेजचा आकडा मार्करने लिहायचे आणि हूडमध्ये (जंतुविरहित कपाटात) नेताना दर वेळी ७० टक्के अल्कोहोलने पुसायचे. एकदा ‘१२’ मधला १ पुसला गेला आणि पुढच्या फ्लास्कवर मी मुकाट्याने ‘३’ लिहिला! ताज्या पेशी समजून म्हाताऱ्यांवर प्रयोग चालले होते. तेव्हापासून आकडा चिकटपट्टीवर लिहिते आणि वहीतही.

तुम्ही आता सुरुवातीच्या पॅसेजच्या गोठवलेल्या नळीकडे परत जा. दुसऱ्या-तिसऱ्या पॅसेजलाच भरपूर नळ्या गोठवा : १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं द्रव्य), मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने थंड, मग द्रव नायट्रोजन. आकुंचनाचे प्रयोग मी सहाव्या पॅसेजच्या पुढे करत नाही. प्रयोगाआधी पेशी दाट होऊ द्या, मग दोन दिवस सिरम अर्ध्या टक्क्यावर आणा. फ्लास्कच्या तळाला लॅमिनिन या प्रथिनाचा थर आणि हेपरिन यांचीही मदत होते. गेलेलं सगळं परत येत नाही, काही अंशीच येतं. आणि प्रत्येक खेपेला मायोसिन तपासा, नुसत्या अल्फा ॲक्टिन या दुसऱ्या आकुंचन-प्रथिनावर विसंबू नका, कारण चेकाळलेल्या फायब्रोब्लास्टमध्येही तो दिसतो.

हा स्वभावबदल तुमच्या हातून झालेला बिघाड समजू नका. स्टेंट घातलेली धमनी पुन्हा अरुंद होते तीही बरीचशी याच पेशींच्या वाढीने, म्हणून तर स्टेंटवर सिरोलिमससारखं विभाजन रोखणारं औषध लावतात. तसा विषय कधी हाती आला तर वाढीच्या मागे लागलेल्या पेशीच लागतील.

एक राहिलं. विकतची नळी हातात येते तेव्हा आत बहुतेक वेळा दोन-तीन पॅसेज आधीच झालेले असतात. तुम्ही मोजणी नळी उघडल्यापासून केली असेल, तर तुमचा नववा प्रत्यक्षात अकरावा किंवा बारावा असेल. सोबत आलेला कागद काढून बघा.