फिल्टर कंपाइल होतो, मग फाइलमधून एकही पॅकेट का येत नाही?

प्रश्न : ताई, आमच्या ऑफिसच्या इंटरनेट फोनचा ट्रॅफिक तपासायला मी लिनक्सवर लिबपीकॅप (नेटवर्कवरची पॅकेट पकडणारी लायब्ररी) वापरून सी भाषेत प्रोग्राम लिहिलाय. ‘यूडीपी पोर्ट ५०६०’ हा फिल्टर लाइव्ह कॅप्चरला नीट चालतो. पण फिल्टर न लावता साठवलेल्या फाइलवर तोच लावला की शून्य पॅकेट! फिल्टरचं एक्स्प्रेशन सूचनांमध्ये बदलणारं पीकॅप_कंपाइल हे फंक्शन एररही देत नाही. स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे ट्रॅफिकची प्रत मिळते) पॅकेटना व्हीलॅन टॅग, म्हणजे आभासी नेटवर्कची खूण, आहेत, त्यामुळे असेल का? शिवाय फिल्टर सारखा बदलला की मेमरी वाढत जाते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या टॅगमुळेच. पीकॅप_कंपाइलने एरर दिली नाही याचा अर्थ एवढाच, की एक्स्प्रेशन व्याकरणात बसलं. पॅकेट जुळतील याची हमी त्यात नाही. खरं काय तयार झालंय ते बघायची सवय लावा. मी तरी नवा फिल्टर त्याशिवाय वापरत नाही. टीसीपीडंप या पॅकेट बघायच्या कमांडला तीच फाइल द्या, फिल्टर द्या आणि लहान लिपीतला ‘डी’ हा पर्याय जोडा. कंपाइल झालेल्या सूचना ओळीने छापल्या जातात.

आयपीव्ही४ची वाट धरून वाचा. बाराव्या बाइटपासून दोन बाइट उचल, ते हेक्स ०८०० आहेत का बघ. तेविसाव्या बाइटवर १७, म्हणजे यूडीपी, आहे का? मग फ्रॅगमेंट तपास, आयपी हेडरची लांबी काढ आणि शेवटी पोर्ट बघ. सगळे ऑफसेट, म्हणजे कितव्या बाइटवर बघायचं ते आकडे, इथरनेटसाठी आधीच ठरलेले. टॅग लागलेल्या फ्रेममध्ये (इथरनेटवरच्या पॅकेटमध्ये) मात्र बाराव्या बाइटवर हेक्स ८१०० असतं आणि पुढचं सगळं चार बाइट सरकलेलं. पहिल्याच तपासणीत पॅकेट बाद.

मग लाइव्हला कसं चालतं? मॅक्कॅन आणि जेकबसन यांनी १९९३ साली मांडलेल्या बीपीएफचा (हे फिल्टर ज्यावर चालतात त्या पद्धतीचा) गाभाच हा, की नको ती पॅकेट कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच, गाळायची, वर कॉपी करायचीच नाहीत. लिनक्स कर्नल टॅग काढून वेगळा ठेवतो आणि फिल्टर त्या उघड्या फ्रेमवर चालतो. पॅकेट तुमच्या हाती देताना लिबपीकॅप टॅग परत जागेवर बसवते, आणि फाइलमध्ये तो तसाच उतरतो. फाइल वाचताना फिल्टर लायब्ररीत चालतो, तेव्हा टॅग समोर असतोच.

फाइलसाठी असं लिहा : ‘यूडीपी पोर्ट ५०६० ऑर (व्हीलॅन अँड यूडीपी पोर्ट ५०६०)’. क्रम उलटा करू नका. ‘व्हीलॅन’ हा शब्द आला की तिथून पुढच्या अख्ख्या एक्स्प्रेशनचे ऑफसेट सरकतात, कंस संपला तरी ते मागे येत नाहीत. टॅग नसलेली पॅकेट मग गुपचूप गळतात, आणि ही चूक शोधताना माणूस खरोखर रडकुंडीला येतो.

मेमरीचं सोपं आहे. फिल्टर लावणारं पीकॅप_सेटफिल्टर झालं की लगेच कंपाइल झालेल्या सूचनांची मेमरी सोडणारं पीकॅप_फ्रीकोड बोलवा, फिल्टर लागलेलाच राहतो. आणि प्रोग्राममध्ये अनेक थ्रेड (एकाच वेळी चालणारे भाग) असतील तर लायब्ररीची आवृत्ती बघा : १.८.० च्या आधी पीकॅप_कंपाइल थ्रेडसाठी सुरक्षित नव्हतं, तिथे त्याभोवती लॉक घालावंच लागतं.